लिव्हरची गाठ परत आली, पोटावर आधीचं ऑपरेशनही आहे: दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेपर्यंतचा रस्ता

लिव्हरमधली कॅन्सरची गाठ काढून वर्ष-दोन वर्षं झालेली असतात. माणूस कामाला लागलेला असतो, जेवण-झोप ठीक असते आणि नेहमीच्या सोनोग्राफीत रेडिओलॉजिस्ट नवीन गाठ दिसते असं लिहून देतात. मग ओपीडीत नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "डॉक्टर, या वेळी दुर्बिणीने होईल ना? मागच्या वेळी पोट फार मोठं फाडलं होतं."

प्रश्न रास्त आहे, पण त्याचा नंबर बराच खाली लागतो. ही गाठ कुठल्या जातीची, उरलेलं लिव्हर किती आणि कसं, मागच्या वेळी आत नेमकं काय केलं होतं, ऑपरेशनशिवाय दुसरा चांगला उपाय आहे का, हे सगळं आधी. छेद केवढा घ्यायचा हे त्यानंतर. त्याच क्रमाने हा लेख लिहिला आहे.

इथे मुख्यतः लिव्हरमध्येच सुरू होणाऱ्या कॅन्सरबद्दल, म्हणजे हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमाबद्दल बोलतोय. डॉक्टर त्याला नुसतं 'एचसीसी' म्हणतात. मोठ्या आतड्याचा कॅन्सर लिव्हरमध्ये पसरला असेल तर केमोथेरपीचा भाग आणि उपचारांचा क्रम वेगळा असतो, पण टेबलावरची गोष्ट बरीचशी सारखीच.

परत आली म्हणजे काय झालं

"मुळापासून काढली नव्हती का?" हा राग समजण्यासारखा आहे. पण एचसीसी हा आजारच असा आहे की चांगल्या हाताने, स्वच्छ कडा ठेवून काढल्यानंतरही पाच वर्षांत तो पुन्हा दिसण्याचं प्रमाण ७० टक्क्यांपर्यंत जातं. कारण गाठ जाते, पण ज्या लिव्हरमध्ये ती उगवली ते लिव्हर तिथेच राहतं. हेपॅटायटिस बी किंवा सी, दारू, मधुमेह-लठ्ठपणाबरोबर येणारं फॅटी लिव्हर, यांतल्या कशाने तरी ते आधीच कडक झालेलं असतं.

परत येण्याच्या दोन तऱ्हा आहेत आणि त्यांतला फरक तुमच्या उपचारावर थेट परिणाम करतो. पहिल्या दोन वर्षांत आलेली गाठ बहुधा जुन्याच गाठीची पिल्लं असतात. तिच्या पेशी पोर्टल शिरेच्या, म्हणजे आतड्यांकडून लिव्हरला रक्त आणणाऱ्या मोठ्या शिरेच्या, फांद्यांतून आधीच इकडेतिकडे गेलेल्या असतात. दोन वर्षांनंतर आलेली एकटी गाठ पुष्कळदा नव्याने झालेला कॅन्सर असते. दुसऱ्या प्रकारात पुन्हा ऑपरेशन केल्याचा फायदा जास्त दिसतो. पहिल्या प्रकारात, विशेषतः सहा-आठ महिन्यांतच दोन-तीन गाठी उठल्या असतील, तर अनुभवी सर्जन थोडा थांबतो. आधी दुसरा उपचार देऊन, पुन्हा स्कॅन करून बघतो की आणखी काही डोकं वर काढतंय का. या थांबण्याला टाळाटाळ समजू नका. आज एक गाठ काढायची आणि तीन महिन्यांनी चार दिसायच्या, यात पेशंटचं लिव्हरही जातं आणि हिंमतही.

आधी फाईल जमवा

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण दुसऱ्या ऑपरेशनचा निम्मा अंदाज इथे बांधला जातो.

डिस्चार्ज कार्ड सगळ्यांकडे असतं. त्यावर एक ओळ असते, 'यकृताचा भाग काढला'. तेवढ्याने काही कळत नाही. हवी असते ती ऑपरेशन नोट, सर्जनने त्या दिवशी लिहिलेलं पान. लिव्हरचे आठ भाग पाडलेले आहेत. त्यांतले कुठले नंबर काढले, पित्ताशय काढलं का, लिव्हर श्वासपटलापासून सोडवून फिरवलं होतं का, लिव्हरकडे जाणारा रक्तपुरवठा मध्ये मध्ये दाबून धरला होता का, रक्त किती गेलं, छेद कुठून कुठपर्यंत होता, जाळी बसवली आहे का, हे सगळं त्यात असतं. मागच्या वेळी लिव्हरची उजवी बाजू पूर्ण मोकळी केली होती असं त्यात दिसलं की दुसऱ्या वेळचा सर्जन तिथे घट्ट चिकटलेलं सापडेल असं धरूनच चालतो.

त्याबरोबर हे घ्या: काढलेल्या गाठीचा बायोप्सी रिपोर्ट (बारीक रक्तवाहिन्यांत कॅन्सर शिरला होता का आणि आजूबाजूचं लिव्हर किती कडक होतं, या दोन ओळी सर्जन आधी शोधतो), आधीच्या सगळ्या सीटी-एमआरआयच्या सीडी, मधल्या काळात सुईने गाठ जाळली असेल किंवा रक्तवाहिनीतून औषध सोडलं असेल तर त्याचे कागद, आणि एएफपी (एचसीसीमध्ये पुष्कळदा वाढणारं रक्तातलं प्रथिन) या रक्ततपासणीचे जुने आकडे तारखांसकट. फिल्म खिडकीला धरून काढलेले व्हॉट्सअ‍ॅपवरचे फोटो कोणाच्याच उपयोगाचे नसतात. सीडी किंवा पेन ड्राइव्हच न्या.

जुन्या हॉस्पिटलमध्ये कागद मागायला संकोच करू नका. २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांप्रमाणे पेशंटने किंवा अधिकृत माणसाने मागणी केल्यावर ७२ तासांत नोंदी द्यायच्या असतात. मात्र त्याच नियमांत नोंदी जपण्याची मुदत तीन वर्षांची आहे. म्हणून जुनं ऑपरेशन चार-पाच वर्षांपूर्वीचं असेल तर आजच लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

तपासण्या आणि त्या कशासाठी

साध्या सीटीवर भागत नाही. तीन टप्प्यांचा, म्हणजे ट्रायफेजिक सीटी किंवा कॉन्ट्रास्ट देऊन एमआरआय लागतो. यामागची गंमत समजली तर रिपोर्ट वाचताना घाबरायला होत नाही. निरोगी लिव्हरला सुमारे तीन चतुर्थांश रक्त पोर्टल शिरेतून मिळतं आणि उरलेलं धमनीतून. एचसीसीची गाठ मात्र जवळजवळ सगळं रक्त धमनीतूनच ओढते. त्यामुळे शिरेत टोचलेलं औषध धमनीत पोहोचतं त्या सेकंदांत गाठ उजळते आणि नंतरच्या टप्प्यात आजूबाजूचं लिव्हर उजळलेलं असताना ती काळपट पडते. कडक झालेल्या लिव्हरमध्ये हे चित्र ठसठशीत दिसलं तर बहुतेक वेळा सुई घालून तुकडा काढावा लागत नाही. "बायोप्सीशिवाय कॅन्सर कसा म्हणता?" याचं उत्तर हे आहे.

छातीचा सीटी होतो, कारण गाठ फुफ्फुसात गेली असेल तर लिव्हरवरच्या ऑपरेशनचा हिशेबच बदलतो. अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा आहेत का हे पाहायला एंडोस्कोपी होते. प्लेटलेट्स एक लाखाच्या खाली आणि प्लीहा मोठी, ही जोडी दिसली की लिव्हरमधला दाब वाढलाय असं समजतात, आणि अशा पेशंटमध्ये छोटं ऑपरेशनसुद्धा महाग पडू शकतं.

मग येतो चाइल्ड-प्यू स्कोअर. बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठण्याचा वेळ, पोटात पाणी आणि मेंदूवर परिणाम, या पाच गोष्टींना प्रत्येकी एक ते तीन गुण. बेरीज ५ किंवा ६ आली तर 'ए', ७ ते ९ 'बी', १० पासून पुढे 'सी'. ऑपरेशनचा विचार 'ए' मध्ये मोकळेपणाने होतो, 'बी' मध्ये फार निवडून, आणि 'सी' मध्ये लिव्हर कापायचं नाव कोणी काढू नये. फाईलवर हा स्कोअर लिहिलेला नसेल तर विचारा. सरळ विचारा, "पेशंट ए आहे की बी?"

उरलेलं लिव्हर किती सोसेल

लिव्हर पुन्हा वाढतं, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. निरोगी माणसाचं वाढतं, काही आठवड्या-महिन्यांत बरंचसं भरून येतं. कडक झालेलं लिव्हर मात्र कमी आणि हळू वाढतं. म्हणून निरोगी लिव्हरचा २५ ते ३० टक्के भाग मागे ठेवून चालतं, तर सिरोसिस, म्हणजे लिव्हर असं कडक झालेलं, असेल तर साधारण ४० टक्के तरी राहायला हवा. दुसऱ्या ऑपरेशनच्या वेळी आधीच एक तुकडा गेलेला असतो, त्यामुळे सीटीवर उरणाऱ्या लिव्हरचं आकारमान मोजून घेतात. काही केंद्रांत इंडोसायनिन ग्रीन नावाचा हिरवा रंग शिरेतून देऊन पंधरा मिनिटांनी रक्तात किती शिल्लक राहतो तेही बघतात. लिव्हर सुस्त असेल तर रंग रेंगाळतो.

या सगळ्यामुळे दुसऱ्या वेळचं ऑपरेशन बहुधा छोटं असतं: गाठ आणि तिच्याभोवतीचा थोडा काठ, किंवा त्या नंबरचा एखादा भाग. 'पुन्हा अर्धं लिव्हर काढू' असं कोणी सहज म्हणालं तर दुसरं मत घ्याच.

चाकूशिवायचे रस्ते आधी टेबलावर ठेवा

चांगल्या केंद्रात सर्जन, लिव्हरचे फिजिशियन, रेडिओलॉजिस्ट आणि ऑन्कोलॉजिस्ट एकत्र बसून केस पाहतात. त्याला ट्यूमर बोर्ड म्हणतात. तुमची केस तिथे ठेवली होती का, हा प्रश्न एकट्या डॉक्टरचं नाव विचारण्यापेक्षा जास्त कामाचा.

गाठ तीन सेंटिमीटरच्या आत असेल तर बाहेरून सुई घालून रेडिओफ्रीक्वेन्सीने किंवा मायक्रोवेव्हने जाळणं हा खरा स्पर्धक आहे. परत आलेल्या एचसीसीसाठी पुन्हा ऑपरेशन आणि रेडिओफ्रीक्वेन्सी यांची थेट तुलना चीनमध्ये २४० पेशंटवर केली गेली, निकाल २०२० मध्ये छापून आला: एकूण आयुर्मानात दोन्ही गटांत ठोस फरक दिसला नाही. गाठ तीन सेंटिमीटरहून मोठी किंवा एएफपी जास्त असेल तिथे ऑपरेशनचं पारडं थोडं जड वाटलं. माझं मत असं की लहान, लिव्हरच्या पोटात खोल बसलेली, आधीच एकदा पोट उघडलेल्या माणसातली गाठ जाळून घेणं हीच खरी कमी त्रासाची शस्त्रक्रिया. तिथे दुर्बिणीचा हट्ट धरू नये. उलट गाठ लिव्हरच्या पृष्ठभागावर असेल, आतडं किंवा पित्तनलिका खेटून असेल, तर बाहेरून सुई धोक्याची आणि ऑपरेशन बरं.

प्रत्यारोपणाचाही विचार एकदा व्हावा, विशेषतः वय कमी आणि लिव्हर खराब असेल तर. एक गाठ पाच सेंटिमीटरपर्यंत किंवा तीनपर्यंत गाठी प्रत्येकी तीन सेंटिमीटरच्या आत, आणि मोठ्या रक्तवाहिनीत कॅन्सर नाही, ही १९९६ ची मिलान कसोटी अजून सगळीकडे पाया म्हणून धरतात. प्रत्यारोपणात गाठीबरोबर आजारी लिव्हरही जातं. दाता, खर्च आणि जन्मभराची औषधं हा त्याचा वेगळा हिशेब. गाठी अनेक असतील तर धमनीतून औषध सोडणं किंवा रेडिएशन, आणि मोठ्या शिरेत आजार शिरला असेल तर इम्युनोथेरपी किंवा गोळ्या, असे पुढचे रस्ते आहेत.

आता दुर्बीण

इतकं सगळं होऊन 'पुन्हा कापायचंच' असं ठरलं, की मग छेद केवढा हा प्रश्न खऱ्या अर्थाने येतो.

दुर्बिणीला सोयीची गाठ म्हणजे लिव्हरच्या पुढच्या-खालच्या भागातली किंवा डाव्या बाजूची: दोन, तीन, पाच, सहा नंबरचे भाग आणि चारचा खालचा अर्धा. सात-आठ नंबर, म्हणजे वर मागे, बरगड्यांच्या आत श्वासपटलाखाली, तिथे सरळ हत्यारं पोहोचत नाहीत. मोठ्या शिरांना टेकलेली गाठ असेल तर तिथेही उघडं ऑपरेशनच बरं. मागचं ऑपरेशनही दुर्बिणीने झालं असेल तर आत चिकटण्याचं प्रमाण कमी असतं, आणि दुसरी फेरी सोपी जाते. मागचा मोठा छेद असेल तरी दुर्बीण अशक्य नसते, पण सर्जनचा हात बसलेला हवा.

आत नक्की काय होतं ते थोडं जवळून पाहू, म्हणजे "चार भोकांना पाच तास कसे लागतात" हे कळेल.

पोटात हवा भरून जागा करायची असते. पहिल्या वेळी बेंबीजवळून आत जातात. दुसऱ्या वेळी बेंबीखाली किंवा जुन्या टाक्यांच्या मागे आतडंच चिकटलेलं असू शकतं. म्हणून पहिली नळी व्रणापासून लांब, पुष्कळदा डाव्या बरगडीखाली, छोटा छेद घेऊन थर एकेक डोळ्यांनी पाहत घालतात. कार्बन डायऑक्साइड साधारण १२ मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाने भरतात. कॅमेरा आत गेल्यावर दिसतं ते असं: पोटाच्या आतल्या भिंतीला ओमेंटमची, म्हणजे आतड्यांवरच्या आवरणाची, चरबी पडद्यासारखी लागलेली. काही धागे कोळिष्टकासारखे, कात्री लागताच सुटणारे. काही ठिकाणी मात्र मोठं आतडं किंवा ड्युओडेनम, म्हणजे जठरानंतरचा आतड्याचा पहिला तुकडा, थेट लिव्हरच्या जुन्या कापलेल्या तोंडावर जाऊन बसलेला. आधीच्या वेळी जिथून तुकडा काढला ती खाच रिकामी राहत नाही, शेजारचं आतडं तिथे सरकतं आणि चिकटतं.

इथे घाई चालत नाही. आतड्याजवळ करंट वापरत नाहीत, नुसत्या कात्रीने, थेंब-थेंब रक्त पुसत पुढे जातात. कारण करंटने आतड्याला लागलेला चटका त्या दिवशी दिसतही नाही, चौथ्या-पाचव्या दिवशी भोक पडून पोटात घाण होते. चांगला सर्जन सगळं चिकटलेलं सोडवत बसतही नाही. गाठीपर्यंत जायला जेवढी वाट लागते तेवढीच करतो. दुर्बिणीचा एक मोठा फायदा इथेच आहे: उघड्या ऑपरेशनात लिव्हरपर्यंत हात घालायलाच पुष्कळ सोडवावं लागतं, कॅमेरा मात्र फटीतून जातो. सिरोसिसच्या पेशंटमध्ये पोटाच्या भिंतीतल्या फुगलेल्या शिरा कमी कापल्या जातात, म्हणून नंतर पोटात पाणी साठण्याचा त्रासही कमी होतो.

मग पोटाच्या आतून, थेट लिव्हरवर टेकवून सोनोग्राफी करतात. दुर्बिणीत सर्जनचं बोट आत नसतं, हाताला गाठ लागत नाही. हा सोनोग्राफीचा प्रोबच त्याचं बोट. मघाचा तो इंडोसायनिन ग्रीनचा हिरवा रंग काही दिवस आधी दिलेला असेल तर खास कॅमेऱ्यात पृष्ठभागाजवळची गाठ हिरवी चमकते. खोल असेल तर दिसत नाही. लिव्हर कापताना भूलतज्ज्ञ सलाईन मुद्दाम आखडतं ठेवतात, म्हणजे शिरांतला दाब कमी राहून रक्त कमी जातं. गरज पडली तर लिव्हरकडे येणारं रक्त सुमारे पंधरा मिनिटं दाबून, पाच मिनिटं सोडून, असं टप्प्याने बंद ठेवतात. १९०८ मध्ये ग्लासगोच्या प्रिंगल यांनी वर्णन केलेली ही युक्ती अजून तशीच वापरात आहे. जुन्या ऑपरेशनमुळे ती जागा चिकटलेली असेल तर तिथे पट्टी फिरवणं हेच एक वेगळं काम होऊन बसतं. शेवटी गाठीचा तुकडा प्लास्टिकच्या पिशवीत घालून, ओटीपोटावर सिझेरियनसारखा आडवा छेद घेऊन किंवा जुन्याच व्रणातून बाहेर काढतात. म्हणजे 'फक्त भोकं' असं नसतं, एक छोटा छेद असतोच.

फायदा किती? अनुभवी केंद्रांच्या नोंदी पाहिल्या तर दुसऱ्या वेळच्या दुर्बीण-शस्त्रक्रियेत रक्त कमी जातं, वेळ जास्त लागू शकतो, आणि कॅन्सरच्या बाबतीत निकाल उघड्या ऑपरेशनच्या तोडीचा असतो. पण या नोंदी निवडलेल्या पेशंटच्या आहेत, हे विसरू नये. चिठ्ठ्या टाकून केलेल्या तुलनांपैकी नॉर्वेतल्या ओस्लोची २०१८ ची नेहमी सांगतात. २८० पेशंट, गुंतागुंत दुर्बिणीत १९ टक्के, उघड्यात ३१. तीही आतड्याच्या कॅन्सरच्या लिव्हरमधल्या गाठींवरची आहे, एचसीसीवरची नाही. कोणी हा आकडा तुमच्या पेशंटला जसाच्या तसा लावला तर थोडं थांबून विचारा. रोबोटबद्दल एवढंच: हत्यारं मनगटासारखी वळतात, अवघड कोपऱ्यात सर्जनला मदत होते, बिल वाढतं. सर्जनचा हात रोबोटवर बसलेला असेल तर घ्या, जाहिरात पाहून नको.

सर्जनला काय विचारायचं

"तुम्ही दुर्बिणीने करता का?" याला सगळे हो म्हणतात. त्याऐवजी असं विचारा: आधी लिव्हरचं ऑपरेशन झालेल्या किती पेशंटमध्ये तुम्ही दुर्बिणीने केलंय? त्यातले किती मध्येच उघडावे लागले? आमच्या गाठीच्या जागेसाठी तुम्ही दुर्बीण का निवडताय? रक्त लागलं तर तयारी काय, रात्री आयसीयूत लिव्हरचं जाणणारं कोण असतं?

उघडण्याबद्दल घरात आधीच बोलून ठेवा. मध्येच उघडणं हा फसलेला प्रयोग नसतो. रक्तस्राव, न सुटणारं चिकटलेलं आतडं, गाठ नीट न दिसणं, यांतलं काहीही झालं तर वेळेत उघडणारा सर्जन तुमच्या पेशंटला वाचवतो. संमतीपत्रावर ही ओळ असते, ती वाचूनच सही करा.

ऑपरेशनआधीचे दोन-तीन आठवडे

दारू पूर्ण बंद. तंबाखू-सिगारेटही, भूल देताना फुफ्फुसं साथ देईनात म्हणजे सगळंच अडतं. तीन छोट्या चेंडूंचं श्वासाच्या व्यायामाचं यंत्र मेडिकलमध्ये मिळतं, ते आत्ताच घरी आणून सवय करा. रोज चालणं, जेवढं दमवेल तेवढं.

खाण्यात एक जुना गैरसमज आहे, 'लिव्हरच्या पेशंटला प्रोटीन बंद'. उलट सिरोसिसमध्ये स्नायू झिजतात, म्हणून वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रोटीन लागतं. मुगाचं वरण, उसळ, दूध, ताक, पनीर, अंडं, जे पचतं ते. रात्री झोपण्यापूर्वी थोडं खाणं फार महत्त्वाचं, नुसत्या पाण्यावर बारा तास उपाशी ठेवू नका. एकादशी-चतुर्थीही सध्या बाजूला राहू द्या. पायावर सूज किंवा पोटात पाणी असेल तर मीठ कमी: लोणचं, पापड, फरसाण ताटातून जाऊ द्या.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर स्वतः बंद करू नका, कधी थांबवायची ते डॉक्टर तारीख घालून देतील. गुडघ्यासाठी, अंगदुखीसाठी घेतल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक-आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या नकोत, त्या किडनीला त्रास देतात. पॅरासिटॅमॉल चालतं, पण सिरोसिसमध्ये दिवसाला दोन ग्रॅमच्या आत, म्हणजे पाचशेच्या चार गोळ्या, तेही विचारूनच. आणि काढे. हा विषय घराघरात नाजूक असतो. मुंबईतल्या लिव्हरच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेले पेशंट नोंदवले. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही. तो वाद आपण सोडवायचा नाही. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर काही महिने गुळवेल, भस्मं, पावडरी सगळं बंद ठेवा आणि आजवर काय घेतलं ते डॉक्टरांना न लपवता सांगा.

पैशांचं

महाराष्ट्रात महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांतून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं कवच मिळतं. शिधापत्रिका आणि आधार घेऊन हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राकडे भरती होण्याआधी जा. नंतर नको. त्याला नेमकं हेच विचारा: हे हॉस्पिटल लिव्हरच्या कॅन्सर शस्त्रक्रियेसाठी यादीत आहे का, पॅकेजमध्ये स्टेपलर आणि लिव्हर कापण्याच्या यंत्राचा खर्च धरलाय का? दुर्बिणीत एकदाच वापरायची हत्यारं महाग असतात, आणि वरच्या पैशांचा घोळ तिथेच होतो. धर्मादाय ट्रस्टच्या मोठ्या हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन पेशंटसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटा, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला बरोबर असू द्या. मुंबईत टाटा मेमोरियल किंवा केईएमला येणार असाल तर राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती आधी विचारून ठेवा, जागा लगेच भरतात.

ऑपरेशननंतर

पहिल्या रात्री आयसीयू, नाकाला किंवा हाताला नळ्या, पोटाला बहुधा ड्रेनची, म्हणजे आतलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीची, पिशवी. उजवा खांदा दुखतोय अशी तक्रार आली की नातेवाईक हार्टच्या भीतीने धावतात. आत भरलेल्या हवेने श्वासपटल चिडतं आणि दुखणं खांद्यात जाणवतं, दोन-तीन दिवसांत जातं. नर्सला सांगायचं मात्र नक्की, दुसरं काही नाही याची खात्री त्यांनी करायची. दुसऱ्या दिवशी उठवून बसवतात, चालवतात. "लिव्हरमुळे रक्त पातळच आहे, मग गुठळी होऊ नये म्हणून इंजेक्शन कशाला?" असं वाटतं. रिपोर्टात रक्त पातळ दिसलं तरी पायात गुठळी होऊ शकते, म्हणून.

डॉक्टर रोज तीन गोष्टी बघत असतात. ड्रेनमधून रक्त येतंय का. ड्रेनचं पाणी हिरवं-पिवळं होऊन पित्त गळतंय का. तिसऱ्या दिवसापासून ड्रेनमधलं बिलिरुबिन रक्तातल्याच्या तिप्पट निघालं तर गळती धरतात, आणि ती बहुतेकदा ड्रेन जास्त दिवस ठेवून थांबते. तिसरी आणि सगळ्यात काळजीची गोष्ट, उरलेलं लिव्हर काम करतंय का. पाचव्या दिवसाचं बिलिरुबिन आणि रक्त गोठण्याची तपासणी यासाठी महत्त्वाची. आकडे उतरतायत ना, एवढं रोज विचारलंत तरी पुरे. सगळं सुरळीत असेल तर आठवड्याच्या आसपास घरी.

घरी गेल्यावर पुढचं काहीही दिसलं तर सकाळची वाट न पाहता हॉस्पिटल गाठा: थंडी वाजून ताप, डोळे पिवळे, पोट फुगत जाणं, काळी शी किंवा रक्ताची उलटी, दिवसा झोप आणि रात्री टक्क जागं राहणं, बोलण्यात गोंधळ, हात पुढे धरल्यावर पंजे फडफडणं. बद्धकोष्ठता होऊ देऊ नका, सिरोसिसमध्ये तिच्यामुळेही गोंधळ सुरू होतो. लॅक्ट्युलोजचं औषध लिहून दिलं असेल तर दिवसाला दोन-तीन वेळा मऊ शी होईल इतकं. झोपेच्या गोळ्या नकोत. जड उचलणं महिना-दीड महिना बंद, भरलेला हंडा आणि गॅस सिलिंडर त्यात आलाच.

पुढची वर्षं

बायोप्सी आल्यावर "आता पुन्हा येऊ नये म्हणून काही औषध?" असा प्रश्न येतो. ऑपरेशननंतर प्रतिबंधक म्हणून इम्युनोथेरपीचा एक मोठा प्रयोग झाला, २०२३ मध्ये सुरुवातीचे निकाल आशादायक वाटले, जास्त काळ पाहिल्यावर फायदा टिकला नाही. म्हणून आज ती सरसकट देत नाहीत. लाखभर रुपयांची इंजेक्शनं 'सावधगिरी म्हणून' कोणी सुचवली तर दुसरं मत घ्या.

खात्रीचं काम वेगळं आहे. पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी स्कॅन आणि एएफपी, नंतर दर सहा महिन्यांनी, कायमचं. तारीख चुकवायची नाही, कारण दोन सेंटिमीटरची गाठ सापडली तर पुन्हा सगळे रस्ते मोकळे असतात. हेपॅटायटिस बी असेल तर टेनोफोविर किंवा एन्टेकाविरची रोजची गोळी एक दिवसही सुटू नये. सी असेल आणि अजून उपचार झालेला नसेल तर तो कधी सुरू करायचा हे लिव्हरच्या डॉक्टरांशी ठरवा. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमातून दोन्ही हेपॅटायटिसची औषधं सरकारी केंद्रांत मोफत मिळतात.

पेशंटला हेपॅटायटिस बी असेल तर जोडीदार, सख्खी भावंडं आणि मुलं या सगळ्यांची एचबीएसएजी ही साधी रक्ततपासणी याच महिन्यात करून घ्या. ज्यांची निगेटिव्ह येईल आणि लस झालेली नसेल त्यांना तीन डोस द्या. ज्याची पॉझिटिव्ह येईल त्याला आज काहीही त्रास नसला तरी लिव्हरच्या डॉक्टरांकडे न्या आणि त्याची सहामाही सोनोग्राफी कधीपासून सुरू करायची ते विचारून घ्या.